वसुली अधिकारी आणि चित्रकार

युरोपच्या ग्रुपला चेक देशातलं, प्रागजवळचं कुतना होरा दाखवायचं म्हणजे हाडांचं चर्च दाखवायचं, असा आमच्या टूरच्या धंद्यातला शिरस्ता. सुमारे चाळीस हजार माणसांची हाडं, त्यांचं झुंबर, चहा, चला बसमध्ये. पण त्या दिवशी सकाळी प्रागमध्येच पावसानं गाठलं. कॅसलच्या दारात भिजत उभं राहण्यापेक्षा समोरच्या श्वार्झेनबर्ग पॅलेसमध्ये जुन्या चित्रकारांचं दालन आहे, ते बघू म्हणून मी सगळ्यांना आत घेतलं.

ग्रुपमध्ये सांगलीकडचे एक काका होते. सहकारी बँकेतून निवृत्त. अख्खी नोकरी कर्जवसुलीत गेलेली. तासभर ते घड्याळच बघत होते. थांबले ते पेत्र ब्रांडलच्या ‘सिमेओन आणि बाळ येशू’पाशी. लांबून बघितलं तर म्हाताऱ्या सिमेओनच्या कपाळावरच्या सुरकुत्या, दाढी, सगळं जिवंत. नाक चित्राजवळ नेलं की चेहरा गायब, आणि उरतात नुसते रंगाचे जाड थर. ब्रांडल ओल्या रंगात ब्रशच्या दांड्यानं रेघा ओढायचा, बोटांनीही रंग लावायचा.

“हे पुरं तरी केलंय का यानं?” काका म्हणाले.

प्रश्न नेमका बसला. पुरं न करण्याबद्दल ब्रांडलची ख्यातीच होती. जन्म 1668चा, प्रागच्या माला स्त्राना भागातला, बाप शिंपी. चर्चमधल्या वेदीची मोठाली चित्रं आणि उमरावांची व्यक्तिचित्रं ही त्याची कमाई. बोहेमियात, म्हणजे प्रागच्या आसपासच्या प्रांतात, त्याच्या तोडीचे फार नव्हते. कामाची उचल घ्यायची, पैसे उडवायचे, मुदत टाळायची, मग दुसऱ्याकडून उचल. बायको हेलेना आणि मुलांना सोडून गेला, तेव्हा पोटगीसाठी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली.

“म्हणजे एनपीए, थकीत खातं!” काकांचे डोळे चमकले. घड्याळ विसरले ते तिथून पुढे.

कुतना होराला पोचेपर्यंत बसमध्ये त्यांनी मला पार सोलून काढलं. लेखी करार होते का? होते. तारण? काही नाही. आणि एवढं सगळं गावाला ठाऊक असताना 1730च्या दशकात सायलेशियातल्या क्शेशुवच्या (आता ते पोलंडमध्ये आहे) मठानं मुख्य वेदीचं चित्र पुन्हा यालाच दिलं?

“तसं दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं,” मी म्हणालो.

“आमच्याकडेही होते असे खातेदार. जुनं थकलेलं असायचं आणि नवीन मंजूर व्हायचं. नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती.” मग जरा थांबून, “पण त्यांनी असलं काही मागे ठेवलं नाही बरं का.”

पुढच्या सीटवरून काकी वळल्या. “चित्र थोर असेल हो. त्या बाईनं पोरांच्या ताटात काय चित्र वाढायचं?”

बसमध्ये एकदम दोन तट पडले. कुतना होराच्या सेडलेत्स भागात हाडांच्या चर्चमध्ये मंडळी यांत्रिकपणे फिरून आली. जवळच्या मोठ्या चर्चमध्ये, जे वास्तुकार सान्तिनीनं 1700 नंतर नव्यानं उभारलं, ब्रांडलचं काम आहे असं कळल्यावर मात्र सगळे माना वर करून शोधायला लागले. माझ्या इतक्या वर्षांत हाडांपेक्षा वेदीच्या चित्रासमोर जास्त वेळ थांबलेला हा पहिलाच ग्रुप. खरं सांगायचं तर मी स्वतःही तोवर ब्रांडलला एक गमतीदार किस्सा म्हणूनच उरकत होतो. गिऱ्हाइकांच्या बाजूनं कोणी हिशेब मांडलाच नव्हता.

शेवटी गावातल्या नामेतीच्या चर्चपाशी उतरलो. याच गावातल्या एका खाणावळीत 24 सप्टेंबर 1735 रोजी ब्रांडल कफल्लक अवस्थेत वारला आणि या चर्चमध्ये त्याला पुरलं. दार बंद होतं. काकांनी बाहेरूनच हात जोडले. काकींनी जोडले नाहीत, आणि “मी हेलेनाच्या बाजूची” असं स्पष्ट सांगून टाकलं.

परतीच्या वाटेवर वाद इतका पेटला की आमच्या चेक ड्रायव्हरनं आरशातून बघत मला विचारलं, काही भांडण झालंय का, पैशांवरून?

मी म्हणालो, “हो, पण तीनशे वर्षांपूर्वीच्या.”