वेबसाइट किती दिवसांत शिकून होते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न बहुतेक वेळा एका दमात येतो: "ताई, वेबसाइट डिझाइन किती दिवसांत शिकून होतं, आणि घरबसल्या त्याचे पैसे मिळतात का?" कधी इथल्या, सांगलीच्या विश्रामबागेतल्या शेजारणीची मुलगी विचारते, कधी नोकरी सुटलेला मावसभाऊ. परवा भडंग घ्यायला गेले तर पुडा बांधता बांधता दुकानदारानंच विचारलं. मी उभ्याउभ्या "सहा महिने, आणि हो, मिळतात" असं सांगून मोकळी होते. ते खोटं नाही, पण त्यातून कुणाला काही कळतही नाही. म्हणून एकदा बसून सांगते.

मी गणपती पेठेतल्या एका प्रेसमध्ये डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमची मशीनंही पाण्यात गेली. मालकांनी प्रेस परत काही उघडली नाही. घरी भावाचा जुना लॅपटॉप होता आणि हातात वेळच वेळ. सुरुवात ही अशी झाली, त्यात आवड वगैरे काही नव्हतं.

शिकण्याचा भाग आधी उरकते. पानावर काय काय आहे ते एचटीएमएल सांगतं: हे शीर्षक, हा मजकूर, हा फोटो. ते दिसायचं कसं ते सीएसएस ठरवतं. बटण दाबल्यावर काय व्हायचं, ते जावास्क्रिप्टचं काम. पत्रिका जुळवलेल्या हाताला पहिल्या दोन गोष्टी महिना-दीड महिन्यात जमतात. तिसरीला वेळ लागतो, मला अजून लागतो. मोझिलाचं एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या शिकवणाऱ्या साइट दोन्ही फुकट आहेत. इंग्रजीत आहेत, पण शब्द तेच तेच येतात, त्यामुळे पंधरा दिवसांत सरावतात. कोड लिहायचं व्हीएस कोड हे सॉफ्टवेअरही फुकट, आणि गिटहब पेजेसवर स्वतःचं पान टाकायला पैसे पडत नाहीत.

क्लासचं म्हणाल तर त्यांचं नुसतं पेव फुटलंय. (हरिपूरच्या माणसासमोर हे म्हणायची चोरी. त्यांच्याकडे पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, ते फुटलं तर काय राहिलं!) एकटीनं बसायची सवय नसेल तर जा क्लासला. पण सर फळ्यावर लिहितात ते बघून टाइप केलेलं पान चालतं, आणि घरी आल्यावर आपलं चालत नाही. मी एक चौकोन पानाच्या मधोमध आणायला दोन दिवस घातले होते. ते दोन दिवस मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडले. एआयचंही तसंच. तो पान करून देतो, चांगलं देतो. मजकूर फोनवर उजवीकडे बाहेर का सांडतोय हे मात्र तुम्हाला बघता आलं पाहिजे, नाहीतर त्याला विचारणार तरी काय?

आता पहिलं काम. मार्केट यार्डातले हळदीचे एक व्यापारी, वडिलांच्या ओळखीतले. साडेतीन हजारांत ठरलं. मी जीव ओतून पान केलं. वर सरकणारे चार मोठे फोटो, आणि पत्रिकेत घालतो तशी नक्षी काढून तिच्यात दुकानाचं नाव आणि फोन नंबर, सगळं मिळून एकच चित्र. लॅपटॉपवर झकास दिसायचं.

दाखवायला गेले तेव्हा सौदे नुकतेच संपले होते. शेठ पोत्यांना टेकून बसले होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत पिवळ्या. त्यांनी फोन दिवाणजींकडे दिला. पडद्यावर नुसतं पांढरं, आणि ते गोल गोल फिरणारं चक्र. चहा आला, पिऊन झाला, तेव्हा कुठं पान उघडलं. अक्षरं मोहरीएवढी.

"दिसंना की ओ ताई."

मी म्हटलं, दोन बोटांनी मोठं करा. त्यांनी केलं, मग इकडे तिकडे सरकवत नंबर शोधला आणि त्यावर बोट दाबलं. काही नाही. परत दाबलं. शेवटी त्यांनी कानावरचं पेन काढून तो नंबर चिठ्ठीवर उतरवला, चिठ्ठी बघून डायल केला, आणि समोर शेठच्या खिशातला दुसरा फोन वाजला. "लागतोय बघा," दिवाणजी समाधानानं म्हणाले. शेठ माझ्याकडे बघत होते.

चुका तीन होत्या. पान फोनच्या रुंदीइतकंच धर, हे ब्राउझरला सांगणारी व्ह्यूपोर्टची एक ओळ असते, ती मी घातलीच नव्हती. ती नसली की फोन पान कॉम्प्युटरएवढं रुंद समजून आक्रसून दाखवतो. फोटो कॅमेऱ्यातून आले तसेच चढवले होते, एकेक पाच एमबीचा. ते लहान करून, वेबपी प्रकारात बदलून दीडशे केबीच्या आत आले, आणि दिसण्यात कुणाला फरक कळला नाही. नंबर चित्रात होता, तो साधी अक्षरं म्हणून लिहिला आणि दाबल्यावर फोन लागेल अशी लिंक दिली. एका संध्याकाळचं काम. तिन्ही गोष्टी मी आधी वाचलेल्या होत्या, वहीतसुद्धा होत्या.

मराठी पान करायचं असेल तर आणखी काही भानगडी आहेत, त्या इंग्रजी धड्यांत सहसा सापडत नाहीत. गिऱ्हाईक जुन्या डीटीपीच्या फाँटमधला मजकूर पाठवतं, आणि ब्राउझरमध्ये त्याची भुताटकी होते. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून तरी घ्या नाहीतर परत टाइप करा. मी प्रेसमधली असल्यानं परत टाइप करते, शुद्धलेखनही होऊन जातं. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सीएसएसची सोय मराठीला लावू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. आणि पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये लिहा. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. गिऱ्हाइकाला हे सांगता येत नाही, पण "आता बरं दिसतंय" एवढं तो म्हणतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका वाद्यं बनवणाऱ्यांचं काम मिळालं तेव्हा मला कोड बऱ्यापैकी यायला लागलं होतं. त्यांची एकच अट: साइट उघडली की तानपुरा वाजला पाहिजे. ब्राउझर हे होऊ देत नाही. माणसानं पानावर कुठंतरी बोट लावल्याशिवाय आवाज सुरू होत नाही. मी हे पटवून, वाजवायचं एक बटण देऊन सुटले. मग मजकूर मागितला. "उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, असं टाका काहीतरी," म्हणाले. तेच वाक्य माझ्या हळदवाल्यांच्या पानावरही होतं, माझ्याच हातचं. तिथे तानपुऱ्यासाठीचा एक उघडा भोपळा पडलेला होता, म्हणून सहज विचारलं, हा येतो कुठून? आणि ते तासभर बोलत बसले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात. घेताना आकार कसा बघायचा, टिचकी मारल्यावर आवाज कसा यायला हवा, वाळवायला किती धीर धरायचा, कापताना कुठं चुकलं की सगळी मेहनत वाया. मी फोनवर रेकॉर्ड करत होते. त्यातल्याच ओळी जवळजवळ जशाच्या तशा पानावर घातल्या. पुढं बाहेरगावची गिऱ्हाइकं फोनवर "ते भोपळ्याचं वाचलं" असं म्हणायला लागली.

म्हणून सहा महिने हा आकडा अपुरा आहे. तेवढ्यात पान करता येतं. समोरच्याला काय विचारायचं, आणि तो "काहीतरी टाका" म्हणाला तरी कसं बसून राहायचं, याला मला पुढची दोन वर्षं लागली. पैसे देणारा बहुतेक वेळा यासाठीच देतो, जरी पावतीवर 'वेबसाइट डिझाइन' असं लिहिलेलं असलं तरी.

एक चूक माझी स्वतःची सांगून ठेवते. एका गिऱ्हाइकाचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, मी माझ्याच खात्यावर घेतलं होतं, मी कधी उघडतच नसलेल्या जुन्या ईमेलवर. वर्ष भरल्याच्या सूचना तिथे येऊन पडल्या. साइट बंद पडली आणि ते त्यांना पुण्याच्या पाहुण्यांकडून कळलं. मुदतीनंतर थोडे दिवस सवलत असते, त्यात पैसे भरून डोमेन परत मिळालं, पण त्यांचं दुसरं काम परत मिळालं नाही. तेव्हापासून डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर. मी सांगते, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, हे भाड्याचं पेव, ते बदलता येतं. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी, ती दुसऱ्याच्या घरात ठेवू नका, माझ्यासुद्धा.

आणि पैसे. पहिल्या वर्षी सात साइट केल्या, मिळून साठेक हजार आले. प्रेसचा पगार यापेक्षा जास्त होता. तिसऱ्या वर्षी बरोबरी झाली, तीही दर वर्षीच्या देखभालीचे पैसे वेगळे लावायला लागल्यावर. पहिली एक-दोन कामं कमी पैशात करा, पण फुकट करू नका. फुकटचं पान कुणी उघडून बघत नाही, मग चुका सांगणार कोण? निम्मे पैसे आधी घ्या, ओळखीत असले तरी, खरं तर ओळखीत असले तर नक्कीच. किती पानं, दुरुस्त्या किती वेळा, मजकूर-फोटो कोण देणार, हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. कारण साइट दोन आठवड्यांत होते, अडतं ते फोटोंवर. तासगावच्या एका बेदाणेवाल्यांची साइट माझ्याकडे तयार होऊन पडलीय. फोटो दिवाळीआधी देतो म्हणालेत. कुठल्या दिवाळीआधी ते मी विचारायला विसरले.