आमची वाटचाल : दिवा ‘बंद’ म्हणतो, पण व्हॉल्व्ह?

आमचा धंदा व्हॉल्व्हपासून सुरू झाला नाही, अॅक्च्युएटरपासूनही (व्हॉल्व्ह फिरवणारं यंत्र) नाही. तो सुरू झाला या दोघांना जोडणाऱ्या ब्रॅकेटपासून. एक लेथ, एक ड्रिल मशीन, वेल्डिंगचं सामान आणि आम्ही तिघं. जुन्या बॉल व्हॉल्व्हचं (यात भोक असलेला गोळा फिरून वाट उघडते-बंद होते) हँडल काढून त्यावर हवेवर चालणारा अॅक्च्युएटर बसवून द्या, असं काम यायचं. दोन्हींची भोकं कधी जुळायची नाहीत. आयएसओ 5211 या आंतरराष्ट्रीय मानकात एफ05, एफ07 अशी फ्लँजची, म्हणजे जोडणीच्या चकतीची, मापं ठरलेली आहेत, पण आमच्याकडे येणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मग मधे ब्रॅकेट आणि दोन्हींचे दांडे जोडणारं कपलिंग. माप घ्या, कापा, बसवा, बिल करा.

मग एका ग्राहकाचा फोन आला. स्क्रीनवर व्हॉल्व्ह बंद दिसतोय आणि टाकी भरतेच आहे. आम्ही आधी व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे बॉल जिथे टेकून गळती थांबवतो त्या कडीवर, संशय घेतला (आपल्या मालावर सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा, ही धंद्यातली जुनी खोड). खोलून पाहिलं तर कपलिंगमधली की (दांडा घसरू न देणारी पाचर) तुटलेली. अॅक्च्युएटर बिचारा पूर्ण नव्वद अंश फिरत होता, त्याच्या डोक्यावरचा लिमिट स्विच बॉक्स (स्थितीचा सिग्नल देणारा डबा) इमानदारीत ‘बंद’ सांगत होता, आणि खाली बॉल अर्धवट उघडा होता. कपलिंग आमचंच, साध्या माइल्ड स्टीलचं.

त्या दिवसापासून आम्ही स्वतःला ब्रॅकेटवाले म्हणणं सोडलं. कंट्रोल रूममधला दिवा नेमकं काय सांगतो, हा प्रश्न डोक्यात बसला. सोलेनॉइडला (व्हॉल्व्हला हालचालीचा हुकूम देणारं विजेचं कॉइल) सिग्नल गेला, अॅक्च्युएटर फिरला आणि व्हॉल्व्ह बंद झाला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात 28 मार्च 1979 रोजी नेमकं हेच आड आलं. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्हची स्थिती नव्हे, तर सोलेनॉइडला बंद करण्याचा सिग्नल मिळाला एवढंच दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ तिथून पाणी जात राहिलं. आमच्या टाकीची त्याच्याशी तुलना नाही, पण चूक त्याच जातीची.

मग की का तुटली, याच्या मागे लागलो. आम्ही टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) काढला होता तो नव्या, रोज फिरणाऱ्या व्हॉल्व्हचा. महिनोन्‌महिने एकाच जागी बसलेला व्हॉल्व्ह हलवायला सुरुवातीला कितीतरी जास्त जोर लागतो, आणि तो सगळा कपलिंगवर येतो. पुढे कपलिंगचं स्टील बदललं, व्हॉल्व्हच्या टॉर्कवर पंचवीस-तीस टक्के वाढ धरू लागलो. उलट बाजूही लवकरच कळली : अॅक्च्युएटर चालवणाऱ्या हवेचा दाब कॉम्प्रेसरपाशी 6 बार असला तरी लाइनच्या टोकाला सगळ्या मशिनी चालू असताना तेवढा राहत नाही, मग जोरही कमी पडतो. आता ग्राहकाला आमचा पहिला प्रश्न असतो, तुमच्याकडे हवेचा दाब कमीत कमी किती मिळतो? स्प्रिंग रिटर्नमध्ये (हवा गेली की स्प्रिंगनं परत फिरणारा अॅक्च्युएटर) आणखी एक मेख आहे. स्प्रिंग मोकळी होत जाते तसा तिचा जोर घटतो. म्हणजे स्प्रिंगनं बंद होणाऱ्या व्हॉल्व्हला सीटवर बसायला जिथे जोर हवा, तिथेच तो सगळ्यात कमी. कॅटलॉगमधला मोठा आकडा वाचून खूश होणारे आम्हीही होतो.

लिमिट स्विच बॉक्स आम्ही आधी विकायचो, नंतर जुळवायला लागलो. त्यातल्या बहुतेक तक्रारी पाण्याच्या. डबा आयपी67 चा (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा दर्जा), तरी आत पाणी! ते झाकणातून नाही, केबलवरून ग्लँडमधून (केबल आत शिरते ते तोंड) उतरायचं. आता ग्लँड खालच्या बाजूला घेतो आणि केबलला खाली झोळ देतो. इतक्या साध्या गोष्टीनं आमच्या अर्ध्या फेऱ्या वाचल्या. पीएलसीच्या (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) इनपुटला करंट अगदी थोडा लागतो, तिथे चांदीच्या कॉन्टॅक्टवर थर चढला की सिग्नल लपंडाव खेळतो. म्हणून तिथे सोन्याचा मुलामा असलेले स्विच किंवा स्पर्शाविना ओळखणारे प्रॉक्झिमिटी सेन्सर.

कॅमच्या (फिरताना स्विच दाबणारी चकती) सेटिंगवरून मात्र साइटवर अजून वाद होतात. आधी अॅक्च्युएटरचं फिरणं थांबवणारे स्टॉप बोल्ट, मग कॅम, हा क्रम आम्ही मोडू देत नाही. घाईत कॅम आधी लावला की चार-पाच अंश उघड्या व्हॉल्व्हलाही स्विच ‘बंद’ म्हणतो. छोट्या बॉल व्हॉल्व्हमध्ये ते खपून जातं, बटरफ्लायमध्ये (आत तबकडी फिरणारा व्हॉल्व्ह) सरळ गळती. शिवाय ‘उघडा’ आणि ‘बंद’ दोन्ही सिग्नल घ्या, असं आम्ही आग्रहानं सांगतो. दोन्ही नसतील तर व्हॉल्व्ह वाटेत आहे. ठरल्या वेळेपेक्षा जास्त वाटेत असेल तर अलार्म. एका वायरची बचत करणारे ग्राहक भेटतात, त्यांना नाही म्हणायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

सध्या वर्कशॉपमध्ये एक काम अर्धवट आहे. सेन्सर अॅक्च्युएटरच्या डोक्यावरून काढून कपलिंगच्या खाली, थेट व्हॉल्व्हच्या स्टेमवर (व्हॉल्व्हचा स्वतःचा दांडा) आणायचा. बॉल व्हॉल्व्हवर ते जमलं. मोठ्या बटरफ्लायवर स्टेम इतका आखूड मिळतो की क्लॅम्पला जागाच उरत नाही. तिसरा नमुना कालच लेथवरून उतरला, अजून बसवून पाहिलेला नाही.