‘कमी’चं ‘कपी’: इंडक्शनच्या पट्टीचं पुढचं

काकूंना दिसत नाही. त्यांच्या इंडक्शन शेगडीची बटणं बोटाला सापडावीत म्हणून मी थ्रीडी प्रिंटरवर एक पट्टी छापतोय: बटणांच्या जागी भोकं आणि शेजारी ब्रेलमध्ये शब्द. पीईटीजी या प्लास्टिकची पहिली पट्टी घेऊन सोमवारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शेगडीच्या पॅनेलवर ती बसवून घेतली, डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं, तिसऱ्या भोकाशी थांबल्या, परत मागे आल्या. म्हणाल्या, "अरे, हे कपी काय लिहिलंयस?"

लिहिलं होतं ‘कमी’. ब्रेलमध्ये प्रत्येक घरात ठिपक्यांच्या सहा जागा असतात, त्यांना 1 ते 6 क्रमांक. ‘म’चे ठिपके 1-3-4. प्रिंटरचं नोझल, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणारं तोंड, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाताना प्लास्टिकची तार सोडतं. त्या तारेचा एक बारीक गोळा नेमका 2 च्या जागी बसला होता. 1-2-3-4 म्हणजे ‘प’. मी पट्टी ट्यूबलाइटखाली धरून पाहिली तरी मला तो गोळा धड दिसेना. काकूंच्या बोटाला तो बाकीच्या ठिपक्यांइतकाच खरा होता.

याआधीची पट्टी पीएलए या दुसऱ्या प्लास्टिकची होती, ती कढईच्या धगीने वाकली. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, पीईटीजी साधारण 80 पर्यंत तग धरतं, म्हणून हा बदल केला. पण पीईटीजी आणि चिपळूणचा श्रावण यांचं जमत नाही. ते हवेतला ओलावा पितं आणि मग नोझलमधून तडतडत बाहेर येतं. त्यात स्पूल (प्लास्टिकचं रीळ) आली तीच फाटक्या व्हॅक्यूम पिशवीतून. दुकानदाराला फोटो पाठवले तर म्हणे पिशवीने काही बिघडत नाही. बिघडतं! स्पूल घेताना आधी पिशवी दाबून बघा, आत हवा असेल तर तिथेच परत करा.

मग पुढचे आठ दिवस याच्यातच गेले. स्पूल प्रिंटरच्या 65 अंशांना तापवलेल्या बेडवर ठेवली, वर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घातलं, तीन तासांनी उलटली, आणखी तीन तास ठेवली. तडतड थांबली, तारा कमी झाल्या. नोझल 240 वरून 230 वर आणलं, आणखी कमी झाल्या. रिट्रॅक्शन (उडीआधी प्लास्टिक मागे ओढणं) वाढवलं तर ठिपक्यांना मधेच खळगे पडायला लागले. पॉलिश पेपर मारून पाहिला, तर गोळ्यांबरोबर ठिपक्यांचे माथेही गेले. ठिपक्याची उंची मुळात अर्धा मिलिमीटर. त्यात घासायला जागाच कुठे आहे? काकूंची मोजपट्टी म्हणजे ‘स्पर्शज्ञान’, 2008 साली सुरू झालेलं मराठी ब्रेल पाक्षिक. त्याच्या कागदावर बोट कसं पळतं, तसं इथे पळायला हवं. माझ्या सातव्या नमुन्यावर त्या म्हणाल्या, "वाचता येतंय. पण खडीच्या रस्त्यावरून अनवाणी चालल्यासारखं वाटतं."

खडी या शब्दावर मी रात्रभर अडून राहिलो. स्लायसरमध्ये, म्हणजे वस्तूचे छापायचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक लेअर पुढे सरकवत बघत बसलो आणि तेव्हा लक्षात आलं. पट्टी आडवी छापली की प्रत्येक ठिपका हे एक वेगळं बेट होतं. नोझल एका बेटावरून दुसऱ्यावर उड्या मारतं, म्हणून तारा. आणि 0.2 मिलिमीटरच्या लेअरने अर्ध्या मिलिमीटरच्या घुमटाला दोन-तीन पायऱ्याच मिळतात, म्हणून खडी. तीच पट्टी उभी छापली तर ठिपके भिंतीवरचे फुगवटे होतात. नोझल एका दमात कडेकडेने फिरतं, बेट नाही, उडी नाही. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच होतं आणि मी आठ दिवस दोन वेगळी औषधं देत होतो.

पण अख्खी पट्टी उभी राहीना. भोकं पाडलेली, 4 मिलिमीटर जाड, लांबलचक. वर जाईल तशी डुलायला लागते. (जाडी कमी करता येत नाही. 2 मिलिमीटरला बोट नुसतं फिरवलं तरी प्लास्टिकच्या आरपार बटण लागायचं. काकू चाचपत असताना शेगडी परस्पर चालू होऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप.) शेवटी दोन भाग केले. भोकांची पट्टी आडवी, आणि शब्दांच्या छोट्या चिपा वेगळ्या, उभ्या छापलेल्या, 0.1 चा लेअर, खाली आधाराला ब्रिम (पातळ झालर). पट्टीत खाच ठेवली आणि चिपा कडेने सरकवून बसवल्या. ओपनस्कॅड या आकड्यांतून आकार काढणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझं प्रेम यासाठीच आहे: ठिपक्यांमधलं 2.5 आणि अक्षरांमधलं 6 मिलिमीटर अंतर हे नुसते आकडे आहेत, शब्द बदलला की चिप आपोआप नवी.

गुरुवारी काकूंनी ‘कमी’वर बोट फिरवलं आणि न थांबता पुढे गेल्या. तेवढ्यात मला सगळं कळलं.

‘जास्त’ मात्र अडला. ज, काना, स च्या आधी हलन्ताचा ठिपका 4, स, त. पाच घरं म्हणजे 30 मिलिमीटर, आणि शेजारचं भोक 22 वर. मी ठिपके जवळ आणायचं म्हणत होतो. काकूंनी तिथेच थांबवलं. "एवढे शब्द मला हवेत कशाला? सहा बटणं आहेत, मोजता येतात मला. चालू-बंद कुठलं ते कळू दे, बाकीच्यांची कड नीट लागू दे. शब्द सुनेच्या आईसाठी ठेव. त्या आल्या की त्यांना वाचायला लागतील, त्यांचं ब्रेल माझ्यापेक्षा चांगलं आहे."

म्हणजे आता दोन संच. काकूंच्या संचात ‘चालू’ची एकच चिप, बाकी खाचा कोऱ्या चिपांनी बुजवायच्या, नाहीतर उतू गेलेलं दूध तिथे साचेल. दुसऱ्या संचात सगळे शब्द, ‘जास्त’ला नुसता ‘ज’, ‘कमी’ला ‘क’. लिहिता लिहिता आणखी एक सुचतंय: भोकांच्या कडाच वेगवेगळ्या केल्या तर? चालू-बंदची चौकोनी, बाकीच्या गोल. मग काकूंच्या संचाला चिप लागणारच नाही. आज रात्री दोन्ही छापतो, काकू ठरवतील.

काल पहाटे साडेचारला त्यांनी कुणाला न उठवता स्वतःचा चहा केला. मला साडेसातला फोन आला, त्यात पहिली पाच मिनिटं फक्त त्या चहाबद्दल.