तुम्ही विचारलंत म्हणून: माझे सासरे ‘खरे’ पाद्री आहेत का?

मी वसईची कॅथलिक. सासर नाशिकचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे सीएनआयचं. सासरे तिथले निवृत्त पाळक. एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तुमचं चर्च तुमच्या सासऱ्यांना खरे पाद्री मानतं का? नसेल मानत, तर का? बिशप दोघांकडे आहेत, पांढरा झगा तोच, प्याला तोच, प्रार्थनाही बऱ्याचशा त्याच. मग अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला, फादर कॅथलिक झाला तर त्याला नव्याने गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) देतात, आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा फादर आला तर देत नाहीत, हे कसं?

सरळ उत्तर: मानत नाही. सीएनआयमध्ये इतर प्रोटेस्टंट मंडळ्याही एकत्र आल्या आहेत, पण माझ्या सासऱ्यांच्या मंडळीची परंपरा अँग्लिकन आहे, आणि अँग्लिकन दीक्षा वैध नाही असा रोमचा निकाल १८९६ सालीच लागलेला आहे. तो निकाल मी नाकारत नाही. पण तो ऐकून लोक जो अर्थ लावतात, तो मला अजिबात मान्य नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘वैध’ म्हणजे काय ते बघू. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तेव्हा काही बिशपांनी घाबरून पवित्र ग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ संपल्यावर डोनाटसचे अनुयायी म्हणू लागले की असल्या माणसांनी दिलेली दीक्षा आणि बाप्तिस्मा फोल आहे. संत ऑगस्टीन त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडले. त्यांचं म्हणणं असं की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नसतो. देणारा पापी असला म्हणून घेणाऱ्याचं नुकसान होत नाही. पहाटेच्या मिस्साला, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेला, येणाऱ्या म्हातारीने फादरांच्या चारित्र्याची चौकशी करत बसायला नको, तिला मिळायचं ते मिळालंच पाहिजे, ही त्यामागची माया आहे. अँग्लिकन चर्चही हेच मानतं. त्यांच्या श्रद्धेच्या एकोणचाळीस कलमांपैकी सव्विसावं कलम नेमकं हेच सांगतं. तेव्हा दीक्षा वैध की अवैध यावरून कोण देवाच्या जवळ आणि कोण लांब हे ठरवायला निघालात, तर ज्या कामासाठी हा विचार जन्माला आला त्याच्या बरोबर उलट काम तुम्ही त्याच्याकडून करून घेता.

आता वादाकडे येते. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडले, तरी त्याच्या काळात बिशपांच्या दीक्षा जुन्याच विधीने होत राहिल्या. त्यांच्याबद्दल रोमची तक्रार नाही. तक्रार सुरू होते त्याच्या मुलापासून, सहाव्या एडवर्डपासून. कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख बिशप, थॉमस क्रॅन्मर यांनी १५५० मध्ये दीक्षेचा नवा विधिग्रंथ आणला. जुन्या विधीत बिशप नव्या धर्मगुरूच्या हातांना तेल लावत आणि त्याच्या हाती प्याला व तबक देऊन म्हणत की देवाला बलिदान अर्पण करण्याचा, जिवंतांसाठी आणि मृतांसाठी मिस्सा करण्याचा अधिकार घे. मिस्सात भाकर आणि द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्ताचं बलिदान देवाला अर्पण होतं, ही आमची श्रद्धा. क्रॅन्मरनी तेल काढलं आणि बलिदानाचे शब्दही काढले. १५५० च्या पुस्तकात एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात प्याला तरी होता. १५५२ च्या सुधारित पुस्तकात प्यालाही गेला, फक्त बायबल उरलं. त्याच सुमारास लंडनचे बिशप रिडली यांच्या हुकमाने चर्चमधले दगडी आल्तार, म्हणजे वेद्या, काढून तिथे लाकडी टेबलं मांडली जात होती. पुस्तक आणि टेबल यांना वेगवेगळं धरून चालत नाही.

कॅथलिक मेरी राणीच्या काळात सगळं परत फिरलं, आणि एलिझाबेथच्या काळात पुन्हा उलटलं. जुन्या बिशपांपैकी जवळजवळ सगळ्यांनी चर्चवर तिचं वर्चस्व मानण्याची शपथ घ्यायला नकार दिला आणि पदं गमावली. बिशपला दीक्षा बिशपच देतात. मग आता कँटरबरीच्या नव्या आर्चबिशपला, मॅथ्यू पार्कर यांना, दीक्षा द्यायची कोणी? १७ डिसेंबर १५५९ ला, पहाटे पाच-सहाच्या सुमारास, लँबेथ राजवाड्याच्या प्रार्थनालयात ती झाली. नोंदवहीत बारीकसारीक तपशील आहे: पूर्वेची भिंत पडद्यांनी सजवलेली, जमिनीवर लाल कापड, पार्करांच्या पुढे चार मशाली. विल्यम बार्लो रेशमी झग्यात, तर माइल्स कव्हरडेल साध्या लांब लोकरी डगल्यात, कारण त्या कडव्या सुधारकाला भरजरी पोशाख पटत नव्हता. स्कोरी आणि हॉजकिन्स धरून चौघांनीही पार्करांच्या डोक्यावर हात ठेवले. यातले बार्लो आणि हॉजकिन्स हेन्रीच्या काळातले, जुन्या विधीचे बिशप.

आमच्या बाजूची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण तिची मला लाज वाटते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून कॅथलिक लेखकांनी एक कहाणी पसरवली की पार्करांची दीक्षा चीपसाइडच्या ‘नॅग्ज हेड’ नावाच्या गुत्त्यात, बायबल डोक्यावर ठेवून कशीतरी उरकली होती. ती धादांत खोटी होती. लँबेथची नोंदवही होती, आणि पुढे जॉन लिंगार्ड या कॅथलिक धर्मगुरू-इतिहासकारानेच ती खरी असल्याचं मान्य केलं. तरी पिढ्यान्‌पिढ्या ती कहाणी सांगितली गेली. बार्लोंच्या स्वतःच्या दीक्षेची नोंद सापडत नाही, यावरही खूप शाई खर्च झाली. पण नोंद नाही म्हणजे दीक्षा झालीच नाही असं होत नाही, आणि रोमचा अंतिम निकालही त्यावर उभा नाही.

निकाल उभा आहे तो विधीवर आणि हेतूवर. १८९० च्या आसपास मदेइरा बेटावर लॉर्ड हॅलिफॅक्स हे अँग्लिकन गृहस्थ आणि आबे पोर्ताल हे फ्रेंच धर्मगुरू भेटले, मित्र झाले, आणि दोन चर्चेसना बोलतं करायचं ठरवून त्यांनी हाच विषय पुढे केला. पोप तेरावे लिओ यांनी १८९६ मध्ये आठ अभ्यासकांची समिती नेमली. लुई द्युशेनसारखे मोठे इतिहासकार मान्यतेकडे झुकणारे होते, तर इंग्लंडचे गॅस्के ठाम विरोधात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘आपोस्तोलिचे कुरे’ हे पत्र निघालं आणि अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे निरर्थक आणि शून्य ठरल्या. बोलणं सुरू व्हावं म्हणून निवडलेल्या विषयावरच बोलणं तुटलं, याचं मला फार वाईट वाटतं.

लिओंचं म्हणणं थोडक्यात असं: मनात काय होतं ते चर्च तपासत नाही, बाहेर काय दिसतं ते तपासतं. एखाद्याने जुना विधी बाजूला सारून त्यातलं बलिदान आणि पौरोहित्य दाखवणारं सगळं मुद्दाम गाळलं, तर जुनं चर्च जे करत होतं ते करण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे त्या विधीवरूनच कळतं. १६६२ मध्ये ‘धर्मगुरूच्या पदासाठी व कार्यासाठी’ असे शब्द अँग्लिकनांनी घातले खरे, पण तोवर ११० वर्षं गेली होती आणि तेवढ्यात बिशपांकडून बिशपांकडे येणारी दीक्षेची परंपरा तुटली होती.

कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी १८९७ मध्ये लॅटिनमधून उत्तर दिलं. ते उत्तर मी आदराने वाचते. ते म्हणाले, तुमच्या प्राचीन दीक्षा-प्रार्थनांमध्येही बलिदानाचा स्पष्ट उल्लेख नाही. आमच्या दीक्षा याच कारणासाठी रद्द करत असाल तर तुमच्याही रद्द होतील. यातला अर्धा मुद्दा पुढे रोमनेही एका परीने मान्य केला. १९४७ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी जाहीर केलं की प्याला-तबक हाती देणं दीक्षेसाठी अत्यावश्यक नाही. डोक्यावर हात ठेवणं आणि प्रार्थना पुरेशी आहे. तरीही माझं मन शेवटी लिओंकडेच जातं. मुळात न लिहिणं वेगळं आणि लिहिलेलं खोडणं वेगळं. आणि एकोणचाळीस कलमांतलं एकतिसावं कलम मिस्सा-बलिदानांना निंद्य दंतकथा आणि घातक फसवणूक म्हणतं. असं म्हणणाऱ्यांनी आपल्याला हव्या असलेल्या अर्थाने धर्मगुरू घडवले, आमच्या अर्थाने नाही.

पप्पांशी, म्हणजे सासऱ्यांशी, मी हे एकदा मोकळेपणाने बोलले. ते नाशिकच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या परंपरेतले, साधेपणा जपणारे. ते शांतपणे म्हणाले, “अगं, पोपसाहेबांचं बरोबरच आहे. मी बलिदान अर्पण करणारा याजक नाहीच. ख्रिस्ताचं बलिदान एकदाच झालं. मला वचन सांगायला आणि कळप सांभाळायला नेमलं.” त्यांना निकालाचा राग नाही. तो निकाल ज्यांना खरोखर लागला ते अँग्लिकन वेगळे. टिळक-रानड्यांच्या चहामुळे आपल्याला ठाऊक असलेलं पुण्याचं पंचहौद मिशन आठवा. तिथल्या काउली फादरांसारखे लोक वेदीवरच्या बलिदानावर मनापासून विश्वास ठेवणारे, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेले. रोमने त्यांना सांगितलं की तुमची श्रद्धा आमचीच आहे, पण तुमच्या दीक्षेत ती नाही. एका चर्चमध्ये पप्पाही बसतात आणि हे फादरही, हीच तर अडचण आहे.

पुढे गुंता वाढला. रोमपासून फुटून निघालेल्या, पण रोम ज्यांच्या दीक्षा वैध मानतं त्या ओल्ड कॅथलिक चर्चचा १९३१ मध्ये बॉनला अँग्लिकनांशी करार झाला आणि त्यांचे बिशप अँग्लिकन बिशपांच्या दीक्षेत सामील होऊ लागले. त्यामुळे १९९४ मध्ये लंडनचे माजी बिशप ग्रॅहम लेनर्ड कॅथलिक झाले, तेव्हा त्यांना सशर्त दीक्षा दिली गेली; म्हणजे आधीची वैध नसेल तर ही लागू व्हावी. त्याच वर्षी इंग्लंडच्या चर्चने पहिल्या स्त्रियांना धर्मगुरू केलं, आणि रोमने आपल्याला तसा अधिकारच नसल्याचं जाहीर केलं. निकाल फिरण्याची जी थोडी आशा होती ती त्यानंतर मावळली. त्याआधी १९६६ मध्ये पोप सहाव्या पॉल यांनी आपल्या बोटातली अंगठी काढून कँटरबरीचे आर्चबिशप रॅमझी यांच्या बोटात घातली होती. मला ती अंगठी फार मोलाची वाटते, पण तिने १८९६ चं पत्र रद्द झालं नाही, हेही खरं.

नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस मिळून सीएनआय झालं, तेव्हा हाच प्रश्न अँग्लिकनांपुढे उलटा आला. प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट पाळकांच्या डोक्यावर बिशपांचे हात नव्हते. त्यांना खरे मानायचं का? तिथे सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि कोणाकडे काय उणं आहे याचा निवाडा न करता, ज्याला जे हवं ते देवाने द्यावं अशी प्रार्थना केली. असा मार्ग रोमला घेता येईल असं मला वाटत नाही, कारण कॅथलिक माणूस परमप्रसाद घेताना ‘बहुतेक’ या शब्दावर भागवू शकत नाही. पण त्या विधीतली नम्रता मी मानते.

आता घरातलं. नाशिकला मी पप्पांच्या उपासनेला जाते, गाते, प्रवचन ऐकते. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर-द्राक्षारस घ्यायला पुढे न जाता बाकावरच बसते. पप्पा आमच्या मिस्साला येतात तेव्हा तेही बसतात. दोघांनाही ते सलतं, आणि सलायलाच हवं. बाप्तिस्म्याचं मात्र तसं नाही. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा आम्ही वैध मानतो. माझ्या नवऱ्याला बाप्तिस्मा त्याच्या वडिलांनीच दिला होता. वसईच्या आमच्या चर्चच्या ऑफिसात लग्नाच्या वेळी त्यांच्या सहीचा दाखला मागितला, वाचला आणि फायलीत लावला. मिश्र विवाहाला बिशपांची परवानगी घेतली, एवढंच. लग्नाचा संस्कार वधूवरच एकमेकांना देतात आणि बाप्तिस्मा दोघांचा होता, त्यामुळे आमचं लग्न रोमच्या हिशेबानेही पूर्ण संस्कार आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं लग्न ठरलंय त्यांनी परवानगीचा अर्ज वेळेत करा आणि व्याह्यांच्या पाळकसाहेबांना आशीर्वादासाठी आल्तारापाशी बोलावण्याबद्दल फादरांशी आधीच बोलून घ्या. आमच्या लग्नात पप्पांनी आशीर्वाद दिला होता.