शाल-श्रीफळ राहू द्या, रजिस्टर सांभाळा

१ जुलैला डॉक्टर्स डे. नागपुरात त्या दिवशी सत्कार होतात आणि व्हायलाच हवेत. डॉ. प्रकाश-मंदाकिनी आमटे, अभय-राणी बंग, रवींद्र कोल्हे ही सगळी आपल्या मेडिकलमध्येच, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली माणसं. आमट्यांचं हेमलकशाचं काम १९७३ पासून सुरू आहे. आजही कितीतरी डॉक्टर रविवारी पदरमोड करून खेड्यापाड्यांत शिबिरं घेतात. त्यांच्यासाठी खरंच काही करायचं असेल, तर शिबिरातलं डॉक्टरकीबाहेरचं काम अंगावर घ्या.

एका पेशंटला सात मिनिटं धरली, तर सहा तासांत एक डॉक्टर जेमतेम पन्नास जणांना नीट तपासतो. नाव, वय, गाव लिहिण्यातच तीन मिनिटं गेली, तर तपासणार कधी?

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी हवीच. सोल्युबिलिटी चाचणी सोपी आहे: २ मिली द्रावणात बोटातलं २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटं थांबायचं, मग नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रेषा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. घोळ होतो तो इथेच. द्रावण जुनं झालं किंवा फ्रिजमधून काढून गारच वापरलं, की निकालाचा भरवसा नाही. अंगात रक्त फारच कमी असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तर निगेटिव्ह आलं तरी निर्धास्त राहू नये.

शिवाय पॉझिटिव्ह म्हणजे वाहक की ग्रस्त, हे या चाचणीतून कळतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. जांभळ्या झाकणाच्या नळीत २ मिली रक्त घ्या, नळी हलकेच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा आणि थंड डब्यातून नागपूरला आणा. नळी थेट बर्फाला टेकली, की पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. लेबल नळीवरच लावा, झाकणावर नको. झाकणं बदलली जातात.

आमच्या मते बहुतेक शिबिरं फसतात ती यानंतर. रिपोर्ट शहरात येतो आणि इथेच पडून राहतो. पेशंटचा फोन बंद असतो किंवा तो कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेला असतो. म्हणून रजिस्टरमध्ये गावातल्या आशाताईचा नंबर घ्याच. शेवटचा रकाना ‘रिपोर्ट हातात दिला, तारीख’ असा ठेवा. तो भरेपर्यंत दर आठवड्याला फोन करणारं एक माणूस लागतं. या कामाला डॉक्टर लागत नाही. तुम्ही घरबसल्या करू शकता.