पाच घेऊ की सहा?

रात्री दहाला भाच्याचा इंग्लंडहून फोन. "मामा, पाच घेऊ की सहा?" मला वाटलं, बिबड्यांची पाकिटं विचारतोय. ताई आठवडाभर त्याच्यासाठी तेच वाळवत बसली होती.

तो गिअरबद्दल विचारत होता. माझदाची एमएक्स-५, दोन सीटची, छप्पर उघडणारी, वापरलेली. तिसऱ्या पिढीतली. त्या पिढीत पाच आणि सहा असे दोन्ही गिअरबॉक्स मिळत, आणि त्याच्या मनात दोन गाड्या भरल्या होत्या, एक पाचाची, एक सहाची. मी स्पोर्ट्‌स कार आयुष्यात लांबूनच पाहिलेली. पण सल्ला द्यायला काय जातं?

माझं सगळं शिक्षण मारुती ८०० वर, चार गिअरच्या, चाळीसगावहून वर कन्नडच्या घाटात. तिसऱ्यात ठेवली तर गाडी धापा टाकायची, दुसरा टाकला की किंचाळायची. या दोघांच्या मध्ये काहीतरी हवं होतं, ते तिच्याकडे नव्हतंच. सहा गिअरांची खरी गोडी या मधल्या जागेत आहे. लोकांना वाटतं, सहावा म्हणजे पाचव्याच्या पुढचा, हायवेला पेट्रोल वाचवणारा. दर वेळी तसं नसतं. एमएक्स-५ च्याच चौथ्या पिढीत सहावा गिअर थेट १:१ आहे. इंजिन जितकं फिरेल तितकाच मागे जाणारा शाफ्ट.

मग वहीच घेतली. (चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तसा शिलालेखच आहे. त्यामुळे गणित कच्चं असलं तरी आम्ही हक्क सोडत नाही.) समजा, पहिला गिअर शेवटच्याच्या चौपट आहे, म्हणजे त्याच वेगाला पहिल्यात इंजिन चौपट फिरतं, आणि एका गिअरातून पुढच्यात जायच्या सगळ्या उड्या सारख्या आहेत. पाचाच्या गाडीत हे अंतर चार उड्यांत कापायचं, सहाच्या गाडीत पाच. ६००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना, गिअर बदलला, तर पाचात इंजिन साधारण ४२०० वर येतं, सहात ४५०० वर. खऱ्या गाडीत उड्या सारख्या नसतात, खाली मोठ्या आणि वर लहान असतात, पण अंदाज येतो. ज्या इंजिनाचा जीव वरच्या आरपीएममध्ये असतो, त्याला हे तीनशे फार लागतात. खालून दमदार ओढणाऱ्या इंजिनाला त्यांचं सोयरसुतक नाही.

हे सगळं आमच्या मिस्त्रीला ऐकवलं. त्याने पान्याने कान खाजवला. "भाऊ, घाटमा दोनच गेर लागतस. बाकीना दखाडाले."

तो अगदीच चूक नाही. पोर्शे ९११ पाचावरून सहावर गेली आणि २०११ च्या नव्या पिढीत मॅन्युअलला सात गिअर आले. माणसाचा हात मात्र एकच राहिला. मित्राच्या सहा गिअरच्या गाडीतून धुळ्याहून जळगावला येताना मी चौथ्यावरून थेट सहाव्यावर जातो. पाचवा जेवणाच्या पानातल्या लिंबाच्या फोडीसारखा, तसाच पडून. उलट, माझ्या स्वतःच्या पाचाच्या गाडीत पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला की डावा हात नकळत नसलेला सहावा शोधायला जातो. माझ्या गाडीत त्या जागी रिव्हर्स आहे! अजून लागला नाही, हे नशीब.

तरी मी पाचच म्हणालो. घाटात प्रत्येक वळणाला गिअर बदलण्यापेक्षा एक गिअर धरून इंजिनाला वर चढू द्यावं, त्याचा आवाज बदलत जाताना ऐकावं, हे मला जास्त आवडतं. उघड्या गाडीत तर आणखीच. त्याला हे पटलं. निदान फोनवर तरी हो म्हणाला.

पंधरा दिवसांनी फोटो आला. गिअरच्या मुठीवर सहा आकडे.

मी विचारलं, "अरे, आपलं पाच ठरलं होतं ना?"

"मामा, पाचाची खालून गंजलेली निघाली. इथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात."