कूलर रिपेअरिंगच्या दुकानाची जाहिरात, परवडेल अशा भावात

नागपुरात मानेवाड्याकडे आपलं छोटं दुकान आहे, कूलर, वॉशिंग मशीन, मिक्सर, मोटर वाइंडिंग असं सगळं. जुन्या वस्तीतले लोक नावानं ओळखतात, तिथं जाहिरातीचं काम नाही. पण बेसा-बेलतरोडीकडे एवढ्या फ्लॅट स्कीम झाल्या अन् तिथले लोक शेजाऱ्याला विचारतच नाहीत, मोबाईलवर शोधतात, पहिल्या तीन-चारात जो दिसला त्याला फोन लावतात. म्हणून ठरवलं का यंदा होळीच्या आधी ऑनलाइन डिरेक्टरीत नाव टाकायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी फुकटची लिस्टिंग टाकली अन् तिथून फोन सुरू. "सर, आज ऑफर का लास्ट डे है." हा लास्ट डे महिनाभर चालला. मग एक पोरगा टॅब घेऊन दुकानातच आला, स्वभावानं चांगला होता, त्याला पाणी पाजलं, बसवलं. पॅकेज वर्षाचं ३६,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२,४८०. आपली उलाढाल २० लाखांच्या आत, जीएसटी नंबर घेतलेला नाही, म्हणजे ते १८ टक्के कुठून परत मिळायचे नाहीत. म्हणून मी त्याला म्हटलं, तू ३६ बोलूच नको, ४२ बोल. कूलरच्या सर्व्हिसिंगमध्ये वुडवूल (बाजूच्या ताट्यांत भरतात ते लाकडाचं गवत), पंप अन् दुकानातल्या पोराची मजुरी जाऊन दोनशेक रुपये हातात उरतात. त्या हिशेबानं दोनशेच्या वर कूलर फक्त जाहिरातीचे पैसे काढायलाच करा. तो म्हणे, "भाऊ, एक गिऱ्हाईक दहा आणते ना." म्हटलं हव, आणते, पण ते दहा माझं काम पाहून येतात, त्याचे पैसे तुम्हाला काहून देऊ?

भाव पाडणं तसं कठीण नाही. महिना संपत आला का यांच्यावर टार्गेटचं प्रेशर असते, मी काही न बोलता ३६ चे २८ झाले, मग साहेबाला फोन लावून २४. इथं बरेच दुकानदार खुश होऊन सही करतात. मला वाटते पैशापेक्षा जास्त घासाघीस करायची ती त्या पैशात काय मिळणार याच्यावर.

एक गोष्ट मी आधीच करून पाहिली होती. बहीण त्रिमूर्तीनगरला राहते, तिच्या फोनवरून त्याच डिरेक्टरीच्या ॲपवर वॉशिंग मशीन रिपेअरची चौकशी टाकायला लावली. पाच मिनिटांत वेगवेगळ्या दुकानांचे फोन सुरू, दुसऱ्या दिवशीही थांबून नाही राहिले, शेवटी ती माझ्यावरच भडकली. म्हणजे चौकशी एक अन् ती विकलेली चार-पाच जणांना, मग गिऱ्हाईक त्या सगळ्यांना आपसात भाव पाडायला लावणारच. त्या पोराला विचारलं, एक लीड, म्हणजे अशी एक चौकशी, किती जणांना जाते? तो हसला अन् म्हणे सिस्टिम ठरवते. तेव्हा म्हटलं लीड मोजून मला पॅकेजची किंमत सांगू नका, जो माणूस माझ्या नावावर दाबून फोन करते तेवढाच मी धरणार. ही अट काही कागदावर आली नाही, पण ती धरून बसल्यानं पुढचं सगळं बोलणं सोपं गेलं.

मग एरिया. "अख्खं नागपूर देतो सर." अख्खं नागपूर घेऊन मी काय करू बावा? कामठी रोडवरून फोन आला तर मे महिन्यात ४५ डिग्रीत दुकानातल्या पोराला एवढ्या लांब पाठवायचं, अर्धा दिवस अन् पेट्रोल त्याच्यातच जाते. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, बस. वरून यादीत एसी रिपेअर टाकलेलं होतं, आम्ही एसी करतच नाही, पण ते फोन "आलेल्या चौकशी"मध्ये मोजले जाणार, म्हणून ते काढायला लावलं. अन् वर्ष नको, मार्च ते मे एवढंच. पाणी सुरू झालं का कूलर माळ्यावर जाते, मग सप्टेंबरात त्या जाहिरातीचे पैसे मी कशाला भरू?

सगळ्यात जास्त अडलं ते पैसे भरण्यावर. त्यांना बँकेचा मॅन्डेट पाहिजे होता, म्हणजे एकदा सही केली का दर महिन्याला आपोआप कापतात. फॉर्म नीट वाचला तर मर्यादेची रक्कम हप्त्याहून भलतीच मोठी अन् शेवटची तारीख कितीतरी वर्षं पुढची. पोरगा म्हणे ते फॉर्मॅलिटी असते. मी म्हटलं फॉर्मॅलिटी असेल तर तारीख ३१ मे टाक. नाही टाकली. मॅन्डेट बँकेत जाऊन बंद करता येतो हे खरं, पण भर सीझनमध्ये बँकेच्या लायनीत कोण उभं राहील. शेवटी त्याच्या साहेबाशी बोललो, अर्धे आधी, अर्धे एप्रिलच्या मध्यात, यूपीआयनं. तीन महिन्यांचे ५,५०० अधिक जीएसटी, ६,४९० रुपये. अन् त्यांच्या करारात बारीक अक्षरात एक ओळ होती का तोंडी आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत, तर जे जे ठरलं, एरिया, कॅटेगरी, आपोआप रिन्यू होणार नाही हे, ते कंपनीच्या ईमेलवरून लिहून मागवलं, तेव्हाच पहिले पैसे टाकले.

याच्याच जोडीला गूगलवर बिझनेस प्रोफाइल केली, तिला एक रुपया लागत नाही. दुकानाचा, बोर्डाचा अन् आतल्या सामानाचा व्हिडिओ काढून व्हेरिफाय करावं लागलं. त्याच्यानंतर "गूगलसे बोल रहा हूँ, प्रोफाइल बंद हो जाएगी" असे पैसे मागणारे फोन येतात, ते सरळ कापायचे.

अन् खरी मजा आली ती आमच्या वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या टेलिफोन डायरीत. घरोघरी फुकट वाटतात, छापायला जाहिराती घेतात. सेक्रेटरी काकांनी पाव पानाचे १,५०० सांगितले. काका माणूस कडक, रेल्वेतून रिटायर, भाव कमी करणार नव्हते. मग म्हटलं, काका, ७०० घ्या अन् हॉलमधले दोन कूलर सीझनभर माझ्याकडे, ताट्या, पंप, सगळं. ते जरा थांबले अन् म्हणे, "पंप खराब झाला तर?" म्हटलं माझ्या खर्चानं. तिथं जमलं. एक अट मात्र मी घातली, जाहिरात मागच्या "शुभेच्छुक" पानावर नको, ते पान कोणी उघडत नाही, जिथं इलेक्ट्रिशियन, प्लंबर अन् गॅसवाल्याचे नंबर आहेत तिथं पाहिजे.

प्रत्येक फोनला विचारत होतो, नंबर कुठून भेटला, अन् वहीत लिहीत होतो. डिरेक्टरीचे बरेचसे नुसता भाव विचारणारे, पण मार्च-एप्रिलमध्ये बेसा-बेलतरोडीची जी घरं मिळाली ती तिथूनच मिळाली, त्यामुळे पैसे वाया गेले म्हणणार नाही. डायरीवाले मात्र भाव विचारतच नाहीत, "कधी येता" एवढंच विचारतात. अन् मेमध्ये तर जाहिरातीची गरजच नव्हती, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, असंही हात पुरत नाहीत, आलेले फोन परतवावे लागले. म्हणून पुढच्या वर्षी मी फेब्रुवारीच्या शेवटापासून दोनच महिने घेणार अन् त्याच हिशेबानं भाव मागणार.

तो पोरगा परवा परत आला होता. आता थंडीसाठी गिझरची कॅटेगरी घ्या म्हणे. गिझर आम्ही करतो. तीच एरिया सांगितली, मॅन्डेट नाही हे आधीच सांगितलं, अन् महिन्याच्या शेवटी ये म्हटलं.